टायरवरचा छोटा आकडा

"वैनी, आधी कुंकू लावा. मग वाचा काय वाचायचं ते," दिगंबरभावजी म्हणाले, आणि दुकानात जमलेले सगळे हसले.

दसऱ्याची सकाळ होती. जयसिंगपूरला बायपासच्या कडेला माझ्या धाकट्या दिरांनी टायरचं दुकान काढलं होतं, त्याचं त्या दिवशी उद्घाटन. दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्याला रांगोळी, आणि मधोमध पाटांवर उभे केलेले चार कोरे करकरीत टायर. ते चारही आमच्या गाडीचे. दुकानाची भवानी, पहिली विक्री, आमच्याच हातची व्हायची, हे आक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुकानाला जागा मिळायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

मी करंडा घेऊन उकिडवी बसले आणि पहिल्या टायरला बोट लावायच्या आधी सवयीनं त्याच्या अंगावरचा आकडा वाचला. मग दुसऱ्याचा. मग परत पहिल्याचा.

माझ्या खांद्यावरून हेही वाकून वाचत होते. हे म्हणजे माझे यजमान, रमाकांत. वाचता वाचता त्यांचा श्वास माझ्या कानाशी अडखळला. त्यांनी वाचलं होतं. त्याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

आमची गाडी म्हणजे एका खासगी दवाखान्याची जुनी ॲम्ब्युलन्स. हे आयटीआयमध्ये यंत्रशाळेत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती लिलावात घेतली आणि मागच्या अंगणात लावून तिच्यात घर बांधायला सुरुवात केली. पलंग, छोटा ओटा, गॅस, पलंगाखाली पाण्याची भलीमोठी टाकी, जादा बॅटऱ्या, टपावर सोलर. कॅम्परव्हॅन हा शब्द आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून लोक तिला 'चिकोड्यांचं बिऱ्हाड' म्हणायचे. आम्हाला मूलबाळ नाही. माझा सगळा जन्म त्या एका घरात, आक्कांच्या मर्जीनं स्वयंपाक करण्यात गेला. आता गोकर्ण, तिथून केरळ, मग कन्याकुमारी, वाटेल तिथे थांबायचं आणि वाटेल ते रांधायचं. गाडीचा नाद ह्यांना होता, पण निघण्याची हाव मला होती. पडदे शिवताना मी गाणी म्हणायची, असं शेजारीण सांगते.

गाडी तयार झाली आणि लक्षात आलं की टायर पार गुळगुळीत झालेत. तेव्हा ह्यांनी एक काम केलं. टाकी भरली, सिलिंडर ठेवला, भांडीकुंडी, अंथरुणं, सगळं चढवलं आणि गाडी साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर नेली. तिथे उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे आणि त्यांच्यामध्ये आमचं फुलाफुलांच्या पडद्यांचं बिऱ्हाड. मी खाली उतरायला लागले तर म्हणाले, "तू कुठं चाललीस? गाडीत सगळ्यात वजनदार सामान तूच आहेस. बैस."

आधी पुढची चाकं काट्यावर घेतली, मग मागची. मागच्या चाकांवर भार जास्त निघाला. टाकी, पलंग, बॅटऱ्या, सगळं मागंच होतं ना. मग त्यांनी मला खाली उतरवून जुन्या टायरपाशी बसवलं, एखाद्या विद्यार्थ्याला बसवावं तसं.

"हे मोठ्या अक्षरांत आहे ते माप. ते सगळे बघतात. त्याच्या पुढं हा छोटा आकडा आहे, तो कुणी बघत नाही. एक टायर किती वजन पेलेल ते हा सांगतो. आपल्याला मागं एकशे सहा पाहिजे. मोटारीचा टायर याच मापाचा मिळतो, दिसायलाही सारखा, पण त्याचा आकडा नव्वदच्या घरात. तो आपल्याला चालायचा नाही. सांग किती?"

"एकशे सहा."

"आणि कमी घातला तर?"

"फुटेल."

"कधी?"

"मला काय माहीत कधी! तुम्ही सांगा."

"भरल्या गाडीनं, उन्हात, घाटात. तापून तापून फुटेल. शाब्बास." आणि त्यांनी मला चहा पाजला.

तर दसऱ्याच्या दिवशी पाटावरच्या टायरांवर आकडा होता चौऱ्याण्णव. चारींवर.

"भावजी," मी हळूच म्हटलं, "माप बरोबर आहे, पण वजनाचा आकडा हा नाही. हे मोटारीचे आहेत."

"टायर टायर असतो की ओ वैनी. माप तेच हाय, बसतोय फिट्ट. तुम्हाला पाहिजेत ते दिवाळीनंतर यायचेत, गोडाऊनलाच न्हाईत. आता भवानीला मोकळं पाट मांडू व्हय?"

"मग भवानी आजच करू या. पूजा करू, टायर नेऊन घरी ठेवू. दिवाळीनंतर तुम्ही ते बदलून द्या. गाडीला हे लावायला नकोत."

मला वाटलं, मी फार शहाणपणाचा तोडगा काढला. तबक घेऊन उभ्या असलेल्या आक्कांचा चेहरा बघितला आणि कळलं, आपण काय बोलून गेलो.

"पयल्या गिऱ्हाइकानं माल माघारी करायचा?" आक्का म्हणाल्या. "आणि त्ये बी घरच्यानं? पूजा केलेला? दुकानाच्या उंबऱ्यावर उभं ऱ्हाऊन आजच सांगतीस?"

दिगंबरभावजींचे आधीचे दोन धंदे बसले होते. हे दुकान चाललं नाही तर काय, ही धाकधूक त्या घरात सगळ्यांनाच होती आणि आक्कांना जास्त. धाकटा लेक म्हणजे आक्कांचा जीव. ते सगळं मला समजत होतं. पण गाडीत मी बसणार होते, आणि चालवणार होते हे.

"आक्का, मला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं. "पण ह्यांना विचारा. ह्यांनीच मला शिकवलंय."

सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. आयुष्यात ह्या माणसानं आईला कधी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पण ते घरातलं झालं, भाजीला मीठ किती आणि माहेरी जायचं कधी, असलं. हे यंत्राचं होतं. यंत्राच्या बाबतीत हे प्राचार्यांशीसुद्धा भांडायचे.

चष्मा डोळ्यांवर ठेवून हे म्हणाले, "चालेल."

"चालेल?" मी म्हटलं.

"नलू, ऱ्हाऊ दे आता."

माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले आणि ज्या आवाजात बोलू नये त्या आवाजात बोलले, "काय चालेल? फुटेल तो! पाणी-सामान भरल्यावर घाटात फुटेल मागचा!"

जाऊबाईंच्या हातातला नारळ हातातच राहिला. आक्कांनी तबक खाली ठेवलं.

"शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली," त्या सावकाश म्हणाल्या. "सणाच्या दिशी, नव्या दुकानात, नवऱ्याच्या गाडीला. तुझी जीभ झडली न्हाई कशी गं?"

मग त्यांनी मीठमोहऱ्या मागवल्या. जाऊबाई घरी धावत जाऊन घेऊन आल्या. आक्कांनी त्या चारही टायरांवरून ओवाळल्या, मग ह्यांच्यावरून, मग भावजींवरून, आणि कागदावर पेटवल्या. माझ्यावरून ओवाळल्या नाहीत. तडतड आवाज झाला तसं सगळ्यांना बरं वाटलं. मग मला म्हणाल्या, "पाया पड."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले.

"माझ्या न्हवं. त्यांच्या."

आयुष्यात मी देवाच्या, थोरामोठ्यांच्या, कधीकधी मनातून शिव्या देत नणंदेच्या सासूच्याही पाया पडले आहे. त्या दिवशी मी टायरच्या पाया पडले. डोकं टेकवलं तेव्हा नव्या रबराचा उग्र वास नाकात गेला आणि चौऱ्याण्णव हा आकडा अगदी डोळ्यांपुढे होता. नारळ फुटला. आपट्याची पानं वाटली गेली. जेवणं व्हायच्या आत टायर गाडीला चढलेसुद्धा.

संध्याकाळी अंगणात गाडीच्या पायरीवर बसून हे माझी समजूत काढत होते. "कंपनी थोडी सूट धरूनच आकडा लिहिते गं. भावाचं दुकान आहे, पहिलंवहिलं गिऱ्हाईक. आल्यावर बदलू."

"आल्यावर?"

"आपण सावकाश जाऊ. हवं तर टाकी रिकामी नेऊ. सगळ्यात जास्त वजन पाण्याचंच आहे. वाटेत लागेल तेवढं भरून घेऊ."

"वचन द्या."

"दिलं," म्हणाले, आणि माझ्या हातावर थापटलं. टाकी रिकामी असेल तर बरंच वजन कमी होणार होतं, हे मलाही कळत होतं. मी म्हटलं, बरं. मला जायचं होतं. त्या घरातून एकदा बाहेर पडायचं होतं.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. सकाळी सगळे अंगणात जमले. दही-साखर हातावर पडली. गाडीत एक पोतं तांदूळ चढलेला दिसला, पाठोपाठ गुळाची ढेप आणि भुईमुगाच्या शेंगांची बाचकी. परमुलखात काय मिळतंय, असं आक्कांचं म्हणणं. तेवढ्यात गाडीखालून पाण्याचा आवाज आला. बघते तर भावजी नळी लावून टाकी भरत होते.

"अहो भावजी, टाकी नको," मी म्हटलं.

"आक्कानं सांगितलंय."

"रिकाम्या भांड्यानं घर सोडायचं नसतं," आक्का माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाल्या. "परवासाला निघताना भरला घडा लागतो. त्यात मुळातच ती दवाखान्याची गाडी. काठोकाठ भर रे दिगू."

मी तोंड उघडलं. जाऊबाईंनी माझा हात धरला आणि कानाशी म्हणाल्या, "वैनी, आज तरी काय बोलू नका. पाया पडते तुमच्या."

मी ह्यांच्याकडे बघितलं. वचन त्यांनी दिलं होतं, मी नव्हतं. हे आरसा पुसत होते. एकदम मन लावून.

टाकी काठोकाठ भरली. वरून थोडं पाणी सांडलं, तेही शुभच म्हणे. आम्ही निघालो.

कोल्हापूर मागं पडलं, आणि खोटं कशाला बोलू, मी टायर विसरून गेले. मी खिडकीला कोपर टेकून बसले होते आणि कुणी मला चहा मागत नव्हतं. आजऱ्याच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. ऊन चांगलंच तापलं होतं. चहा सांगून हे गाडीच्या मागच्या बाजूला गेले. मी बघत होते. त्यांनी मागच्या टायरला हाताचा पालथा पंजा लावला आणि तव्याला हात लागल्यासारखा मागं घेतला. मग दुसऱ्या बाजूच्या टायरला लावला. परत आले आणि चहाचा पेला उचलला.

"तापलाय ना?" मी विचारलं.

"ऊन आहे."

"आता इथं कोण आहे हो? आक्का नाहीत, भावजी नाहीत. टाकीचा नळ सोडून द्या. तांदळाचं पोतं ह्या टपरीवाल्याला देऊन टाका. मी शब्द बोलणार नाही कुणाला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला आजही वाटतं, तेव्हा एक क्षणभर ते उठणार होते. मग म्हणाले, "आईनं भरून दिलंय नलू. घाट उतरला की बघू. खाली सावंतवाडीला सोडू सगळं."

आंबोलीचा घाट आम्ही निम्मा उतरलो होतो. आधी गाडी मागून कुणी खेचल्यासारखी वळवळली. हे म्हणाले, "धर गं." मग आवाज झाला. फटाक्यासारखा नाही, जाड, बसका आवाज, धान्याची कणगी कोसळावी तसा. गाडी उजवीकडच्या डोंगराच्या कपारीवर आपटली आणि कुशीवर पडली. डावीकडे दरी होती. तिकडे नाही गेलो.

मला शुद्ध होती. माझ्या गळ्यापाशी काहीतरी मोडलं होतं. ह्यांचा पाय दाराच्या पत्र्यात चेपला होता आणि हे ओरडत नव्हते, त्याचीच मला भीती वाटली. लोक धावत आले. टाकी फुटून सगळं पाणी उताराला लागलं होतं आणि त्या पाण्यातून तांदूळ वाहत होते.

ह्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली काढावा लागला.

कोल्हापूरच्या दवाखान्यात पहिल्या दिवसापासून आक्का कॉटच्या उशाशी बसून होत्या. मी खांद्याला पट्टा बांधून पायथ्याशी. त्या माझ्याशी एकच वाक्य बोलल्या. "बोललीस ना? झालं ना मनासारखं?"

नातेवाईक येत होते. प्रत्येकाला व्हरांड्यात नेऊन आक्का दसऱ्याची हकिकत सांगायच्या. मी काय बोलले ते शब्द न् शब्द. पाणी भरल्यावर. घाटात. मागचाच. लोक आत येऊन ह्यांच्याकडे हळहळून बघायचे आणि माझ्याकडे चोरून. माझी सख्खी चुलत बहीण सांगून गेली, "नले, वास्तू तथास्तु म्हणत असते गं. माणसानं जपून बोलावं." दिगंबरभावजी भिंतीला डोकं लावून लहान मुलासारखे रडले. त्यांच्यावर माझा राग नव्हता. त्यांना आकडा कळतच नव्हता.

मी थांबले होते. ह्यांची औषधाची गुंगी उतरू दे, हे बोलायला लागू देत. हे एकदाच सांगतील की 'नलू बरोबर बोलत होती, आकडा कमी होता, आणि मला तो ठाऊक होता.' मला बाकी काही नको होतं. पाय गेला होता, गाडी गेली होती, गोकर्ण गेलं होतं. एवढं एक वाक्य मला हवं होतं, आणि ते देऊ शकणारा माणूस जगात एकच होता.

त्या दिवशी ह्यांना उशी लावून बसवलं. सूप पाजलं. खोलीत आम्ही चौघंच, हे, मी, आक्का आणि भावजी. आक्कांनी पुन्हा सुरुवात केली, "हिच्या तोंडातनं निघालं तवाच मी जाणलं..."

"आक्का," मी म्हटलं, "आता ह्यांनाच विचारा."

भावजींनी मान वर केली. ह्यांनी आधी त्यांच्याकडे बघितलं. मग आईकडे. त्या माउलीचं तोंड एवढंसं झालं होतं. मग माझ्याकडे. चष्मा नव्हता, नाहीतर पुसला असता.

"नलू," हे म्हणाले, "त्या दिवशी तू तसं बोलायला नको होतंस."

आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मी सुपाचं भांडं उचललं आणि मोरीत नेऊन विसळलं. नंतर कितीतरी वेळ विसळत राहिले.

त्याला आता बारा वर्षं होत आली. आक्का गेल्या. शेवटपर्यंत घरात काही शुभकार्य निघालं की त्या मला म्हणायच्या, "तू आत ऱ्हा जरा." आणि मी राहायची. भावजींचं दुकान चांगलं चाललंय, आता दोन गाळे झालेत. ह्यांना कृत्रिम पाय बसवलाय, घरात बसून कंटाळतात, म्हणून सकाळपासून दुकानात खुर्ची टाकून बसतात. दुपारी मी डबा नेऊन देते. आम्ही एकमेकांशी नीट वागतो. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

परवा डबा घेऊन गेले तर दुकानापुढे एक गाडी उभी होती. आमच्यासारखीच, पण नवी, छान रंगवलेली, खिडक्यांना पडदे. पुण्याकडचं तरुण जोडपं होतं. मुलगी उत्साहानं सांगत होती, आत कॉट आहे, पाण्याची टाकी आहे, गोकर्णला चाललोय. त्यांना चार टायर हवे होते.

"वजन केलंय का काट्यावर?" ह्यांनी विचारलं. "भरल्या गाडीचं? मागचं वेगळं?" आणि काठी टेकत उठून टायरपाशी गेले. "हे मोठ्या अक्षरांत माप. ते सगळे बघतात. हा छोटा आकडा बघा. हा महत्त्वाचा."

"पण माप तेच असेल तर कमी आकड्याचा चालेल ना काका?" मुलगा म्हणाला. "तो लगेच मिळतोय."

"नाही चालणार," हे म्हणाले. "फुटेल तो. पाणी-सामान भरल्यावर घाटात फुटेल मागचा."

मी दारात डबा घेऊन उभी होते. काउंटरवर भावजी होते, जाऊबाई होत्या. कुणी मीठमोहऱ्या मागवल्या नाहीत.

"बापरे! बरं झालं काका, सांगितलंत," ती मुलगी म्हणाली.

"दादांचा शब्द म्हणजे शब्द," भावजी कौतुकानं म्हणाले. "या बाबतीत आमचे दादा कुणाचं ऐकायचे न्हाईत."

ह्यांनी वळून पाहिलं आणि मी त्यांना दिसले. त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

मी डबा काउंटरवर ठेवला, कालचा रिकामा डबा उचलला आणि घरी आले.